बुणगे आणि बिऱ्हाड

घर सोडून चार दिवस बाहेर पडायचे ठरले, की काय काय बरोबर घ्यायचे यावरून प्रत्येक कुटुंबात वाद होतो. त्याला आपण सामानाचा वाद म्हणतो. मला तो नीतीचा वाद वाटतो. कुणी याला मास्तरकी म्हणून हसले तर हसो. बरोबर घेतलेली प्रत्येक वस्तू कुणाला तरी उचलावी, ओढावी, उतरवावी लागते. तो उचलणारा मीच असेन तर पिशवी आपोआप हलकी होते. दुसरा असेल तर पिशवीला तळ म्हणून राहत नाही.

अमेरिकेत मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सुट्टीला निघणारी कुटुंबे पुष्कळ. आधी दोघांपुरती गाडी असते. मुले होतात, गाडी अपुरी पडते, मग लांब गाडी येते. आणि लांब गाडी ओढायची म्हणून मोटारही मोठी येते. आपल्या सरकारनेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. पण चाकांवरच्या बिऱ्हाडाची आपल्याला अपूर्वाई नसावी. दर आषाढीला आपल्या पुण्यातूनच अशी शेकडो बिऱ्हाडे जातात. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत विसावतात, तेव्हा आसपासच्या गल्ल्यांतून दिंड्यांचे ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात. राहुट्या, ताडपत्र्या, शेगड्या, पातेली, पाण्याच्या टाक्या, शेकडो वळकट्या! पूर्वी हे सारे बैलगाड्यांवर जाई.

आमच्या दिंडीपुढे यंदा हाच प्रश्न आला. आमची ट्रॉली दोनचाकी, आखूड. ती विकून लांब, चारचाकी घ्यावी, असे काही मंडळींच्या मनात आले. वारी आटोपून आल्यावर श्रावणात देवळात बैठक भरली. हिशेबाचा भाग लवकर उरकला. भिशी थोडी वाढवली की भागत होते. खरा वाद पुढेच होता. वीणेकरी आबा म्हणाले, “वडिलांच्या खांद्यावर पडशी होती. आता माझ्या सुनेची बॅग दोघांनी उचलावी लागते. ट्रॉली वाढवा, बॅगाही वाढतील.” त्यावर एका काकूंनी शांतपणे विचारले, “आबा, माझी कमोडची खुर्ची पडशीत बसेल का?”

सभा गप्प झाली. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. जागा नाही म्हणून गेली दोन वर्षे त्यांची वारी चुकली होती.

अशा वेळी पुणेकराला पानिपत आठवल्यावाचून राहत नाही. 1760 साली भाऊसाहेबांची फौज उत्तरेत गेली, तेव्हा तिच्याबरोबर बायका-मुले होती, व्यापारी होते आणि यात्रेकरूही होते. त्या सगळ्यांना आपण एका शब्दात गुंडाळले: बाजारबुणगे. शाळेत हा शब्द मी कितीदा तरी तिरस्काराने उच्चारलेला ऐकला आहे, जणू 14 जानेवारी 1761 चा पराभव त्यांनीच केला. शिवाजीमहाराजांच्या फौजेत बायका नेण्यास मनाई होती, असे सभासद सांगतो, आणि लष्कराच्या दृष्टीने ते योग्यच. पण त्या यात्रेकरूंचा विचार करावा. वाट धोक्याची, पदरी शिपाई नाही; मथुरा, कुरुक्षेत्र डोळ्यांनी पाहायचे तर फौजेच्या सावलीने जाण्यावाचून गरिबाला दुसरा मार्ग कोणता? ते फौजेला जड झाले असतील. त्यांच्या लेखी मात्र ती त्यांच्या जन्माची यात्रा होती.

आणि दिंडी ही फौज नव्हे. फौजेला दुबळा माणूस अडचण वाटतो. वारी तर त्याला बरोबर नेण्यासाठीच निघते. म्हणून काकूंच्या खुर्चीला मी बुणग्यांत धरायला तयार नाही. पण त्याच बैठकीत एका निवृत्त गृहस्थांनी घडीचा पलंग आणि त्यावरची जाड गादी यांनाही जागा मागितली, आणि तीही काकूंच्याच आधाराने! एकाच्या खऱ्या गरजेमागे दुसऱ्याची हौस किती सहज लपते, हे पाहण्यासारखे होते. लांब ट्रॉली दोघांनाही सारख्याच ममतेने पोटात घेते. हा पलंग, ही खुर्ची, असा भेद तिला कळत नाही. आखूड ट्रॉली होती तोवर तो आम्हाला करावा लागत होता. हा तोटा कुणाच्याच हिशेबात नव्हता.

शेवटी ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला विचारायचे सुचले. तो दाराशी बसला होता. म्हणाला, “ओढायला काय, ओढंल की गुरुजी. पर उतारावर मागचं पुढच्याला ढकलतं. आन् चार चाकांची मागं घेताना भलतीकडंच वळती. रात्री मुक्कामाला चिखलात मागं घ्यायची कुणी?” भरणाऱ्यांचा वाद तासभर चालला होता, ओढणाऱ्याचे बोलणे मिनिटभराचे झाले. पालखीच्या रथाला दिवे घाटात जादा बैलजोड्या जोडतात, कारण चढाला बैलाची दमछाक उघड दिसते. यंत्राची दमछाक दिसत नाही आणि यंत्रावर बसलेल्या माणसाची तर त्याहून नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे निघालेली असतील. अशाच ट्रॅक्टरमागे, अशाच ट्रॉल्यांत. पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, चार भांडी, एखादी शेळी, आणि सगळ्यांवर बसलेली पोरे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर कोयत्याने फेडायची असते. त्यांच्या ट्रॉलीतही पूर्ण संसार असतो, पण काय न्यावे हा विचार त्यांना पडत नाही. जे आहे ते सारे त्यातच असते. मी त्यांची गरिबी आदर्श म्हणून पुढे करीत नाही. तसे करणे निर्दयपणाचे होईल. मला एवढेच दिसते, की घरात चार पलंग ठेवून पाचवा बरोबर नेणारा आणि ही माणसे एकाच रस्त्याने एकाच जातीच्या वाहनातून जातात, आणि रस्त्याला दोघांचे वजन सारखेच वाटते.

आमच्या दिंडीत आणखी चार जण आहेत. आम्ही टाळ वाजवीत मुक्कामाला पोचतो, तेव्हा राहुट्या उभ्या असतात, पिठले शिजत असते. ट्रॉलीबरोबर पुढे जाऊन हे सगळे करणारी ही चार पोरे रोजंदारीवर येतात. इतकी वर्षे पंढरीला जाऊनही पालखीबरोबर एक मैल चाललेली नाहीत. ट्रॉली लांब झाली की त्यांचे काम तेवढेच लांबणार.

बैठकीने लांब ट्रॉली घ्यायचे ठरवले. मीही हात वर केला. काकूंची खुर्ची घ्यायची, पलंग नाही. पलंगवाले गृहस्थ रागावून गेले, येतील परत. आणि रोज आपल्यातल्या चौघांनी पालखी सोडून ट्रॉलीबरोबर जायचे, राहुट्या ठोकायच्या, म्हणजे ती पोरे त्या दिवशी चालतील. त्याचा तक्ता देवळाच्या भिंतीवर लावला आहे. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, सगळी नावे भराभर भरली. पुणे ते सासवड हा रकाना अजून कोरा आहे. दिवे घाट पालखीबरोबर चढायचा आम्हा सगळ्यांनाच आहे, आणि त्या चौघांनाही.