अत्यावश्यक कोण?

केंद्रीय गृहमंत्रालयाने २४ मार्च २०२० रोजी काढलेला टाळेबंदीचा आदेश मी आजवर अनेकदा वाचला आहे. प्रथम वाचला तो भीतीपोटी, पुढे कामाच्या निमित्ताने. आणि आता वाचतो तो त्यातील एका शब्दाने मनाला लावलेल्या चुटपुटीमुळे. एकवीस दिवस सर्व व्यवहार बंद राहतील असे सांगून तो आदेश अपवादांची यादी देतो. शिधावाटपाची दुकाने, किराणा, भाजीपाला, दूध, मांस-मासळी, जनावरांचा चारा. बँका, विमा कचेऱ्या, वृत्तपत्रे. पेट्रोलपंप, गॅस, वीज, शीतगृहे. भांडवलबाजार आणि खाजगी सुरक्षासेवादेखील. कारकुनी दृष्टीने पाहिले तर मसुद्यात बोट ठेवण्याजोगे फारसे काही नाही.

दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीच्या फाटकाशी, एका कडुनिंबाखाली, कोळशाच्या इस्त्रीने कपडे करून देणारा एक गृहस्थ बसत असे. टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी त्याने फाटकाच्या जाळीपलीकडून मला विचारले की, त्या यादीत माझे काम आहे का? मी सरकारी नोकर, तेव्हा मला हे ठाऊक असणारच, असा त्याचा भाबडा समज. मी यादी पुन्हा एकदा नजरेखालून घातली आणि 'नाही' म्हणून सांगितले. उत्तर बिनचूक होते. कचेऱ्याच बंद, तेव्हा कडक इस्त्रीचे सदरे कोणाला हवे होते? तो मान हलवून गेला आणि आठवड्याभरात कुटुंबासह दिसेनासा झाला. मी त्याला खोटे काही सांगितले नव्हते. तरीही त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपण दिले नाही, ही जाणीव मला पुढे छळू लागली. त्याने विचारले होते 'माझे काम'. मी ऐकले होते 'इस्त्रीचे कपडे'.

या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

'अत्यावश्यक' हा शब्द आपल्यासारख्या केंद्रीय नोकरांना नवा नाही. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप पुकारला तेव्हा अत्यावश्यक सेवांच्या रक्षणाचा वटहुकूम निघाला होता. १९ सप्टेंबर १९६८ च्या एक दिवसाच्या संपाच्या वेळीही तेच झाले. त्या काळी ज्याचे काम अत्यावश्यक ठरे, त्याचा काम थांबविण्याचा अधिकार जात असे. २०२० साली याच शब्दाला दुसरी धार आली. ज्याचे काम अत्यावश्यक नाही, त्याचा काम करण्याचा अधिकार गेला. एकाला 'तू थांबू शकत नाहीस' असे सांगणारा आणि दुसऱ्याला 'तू हलू शकत नाहीस' असे बजावणारा शब्द एकच. शब्द निरुपद्रवी दिसतो, परंतु त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच उभी असतात.

येथे एक आक्षेप प्रथम विचारात घेतला पाहिजे. साथ पसरत असता अशी यादी न करून चालेल काय? माझ्या मते चालणार नाही. रोग माणसांच्या संपर्कातून पसरतो, संपर्क कमी करावयाचा तर काही व्यवहार थांबलेच पाहिजेत, आणि सर्वच थांबविले तर रोगाआधी भूक मारील. म्हणून काय चालू ठेवावे आणि काय बंद करावे, हे कोणीतरी ठरविणे प्राप्त आहे. १८९७ च्या पुण्यातील प्लेगची स्मृती आपण मराठी माणसे विसरलेलो नाही. घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर, अंगणात फेकलेले सामान, आणि त्या संतापातून २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडली गेलेली गोळी. परंतु त्या इतिहासावरून साथीच्या काळी सरकारने हुकूमच काढू नयेत, असा निष्कर्ष निघत नाही. रोग्यांना वेगळे ठेवणे ही गरज खोटी नव्हती. खोटी होती ती, हुकूम ज्यांच्यावर चालतो त्यांचे आपण काही देणे लागत नाही, ही समजूत. त्याच वर्षी झालेल्या साथरोगांच्या कायद्यात अवघी चार कलमे होती, आणि त्यांतील शेवटचे, सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण देणारे होते. ज्यांच्यावर अंमल व्हावयाचा, त्यांच्या नुकसानीबद्दल त्यात शब्द नव्हता.

आता 'आवश्यक' या शब्दाचे व्याकरण पाहू. आवश्यक म्हणजे नेहमी कोणासाठी तरी आवश्यक. 'कोणासाठी' हा भाग उच्चारला नाही तरी तो असतोच. मार्च २०२० च्या यादीत तो 'घेणाऱ्यासाठी' असा होता. दूध पिणाऱ्याला दूध हवे, म्हणून दूधकेंद्र उघडे. ही दृष्टी किती एकांगी ठरू शकते, याचे प्रमाण त्या आदेशातच आहे. धान्याचे आणि भाजीचे दुकान पहिल्या यादीत होते. शेतकऱ्याचे व शेतमजुराचे शेतातील काम स्पष्ट शब्दांत आले ते २७ मार्चच्या पुरवणी आदेशात. वस्तू दिसली, तिच्यामागचा हात तीन दिवस उशिरा दिसला. त्या यादीत ज्यांची वस्तूच नव्हती, त्यांचे हात मग दिसावे कसे?

आणि ज्यांचे काम आवश्यक ठरले, त्यांचे तरी काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा पालिकेला मोठी धास्ती होती ती शहराची सफाई करणारे हलालखोर शहर सोडून जातील याची. एरवी ज्यांची सावली टाळावयाची, त्यांच्यावाचून शहर एक आठवडाही जगणार नाही, हे त्या वेळी सर्वांना उमगले. साथ ओसरताच ते ज्ञानही ओसरले. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी आपण सज्जांत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजविल्या. आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाख रुपयांच्या विम्याची योजनाही झाली. ती योग्यच होती. परंतु किराणा घरी पोहोचविणारा मुलगा, दुकानातील हमाल, फाटकावरचा रखवालदार हेही त्याच यादीच्या बळावर घराबाहेर होते. 'तुझ्यावाचून आमचे चालत नाही' असे ज्याला सांगितले, त्याला 'तुझ्या जिवाची जोखीम आमची' असेही सांगणे ओघाने येते. पहिले वाक्य उच्चारून दुसरे गिळून टाकणे हा लबाडीचाच एक प्रकार होय.

ज्यांना थांबविले, त्यांचे ऋण याहून अवघड आहे. राज्याने रस्त्यासाठी एखाद्याची जमीन घेतली तर तो मोबदला देतो. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा तर याही पुढे जातो. जमीन नावावर नसली तरी त्या जमिनीवर ज्यांची उपजीविका चालते अशा मजूर-कारागिरांनाही तो बाधित कुटुंबांत गणतो. मग सर्वांच्या रक्षणासाठी ज्याचे दिवस घेतले, त्याचे काहीच घेतले नाही असे कसे म्हणता येईल? ज्याच्यापाशी जमीन नसते, त्याची मालमत्ता म्हणजे त्याचा उद्याचा दिवस.

यावर कोणी म्हणेल की, टाळेबंदीने त्या इस्त्रीवाल्याचाही जीव वाचविलाच की नाही? वाचविला असेल. लाभ सर्वांना सारखा झाला असेल. परंतु किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, आणि प्रश्न किमतीचा आहे. आपलेच उदाहरण घेऊ. २३ एप्रिल २०२० च्या आदेशाने आपल्या महागाईभत्त्याचे तीन हप्ते गोठले. १ जुलै २०२१ पासून भत्ता वाढला, पण अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. त्यावर आपण मधल्या सुट्टीत किती बोललो! मात्र पहिल्या तारखेचा पगार एकदाही चुकला नाही. त्याच वसंतात आणि उन्हाळ्यात हजारो माणसे रस्त्यांनी आणि रुळांनी गावाकडे चालत होती. ८ मे च्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्यप्रदेशचे सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपेतच मालगाडीखाली सापडले. आपला त्याग खोटा नव्हता, पण तो कोणत्या तराजूत घालावयाचा, हे यावरून कळावे.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले, स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचपाचशे रुपये जमा झाले. २९ मार्चच्या आदेशाने मालकांना मजुरी न कापण्याची ताकीद दिली. १८ मे पासून ती उरली नाही. फेरीवाल्यांसाठी जूनमध्ये दहा हजारांची योजना आली, पण ते कर्ज होते. कर्ज आणि देणे यांतील भेद कारकुनाला तरी सांगावा लागू नये. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्बंध घालतानाच नोंदणीकृत फेरीवाल्यांना व परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी खरी, तथापि तिच्यात एक तत्त्व मान्य झाले होते: थांबविणारा थांबलेल्याचे काही लागतो. ज्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली २०२० चे आदेश निघाले, त्याच्या बाराव्या कलमातही तेव्हा उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्याचा उल्लेख होता. त्याच कलमातील मृत्यूविषयीच्या शब्दांना ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्थ दिला आणि पुढे पन्नास हजारांची रक्कम ठरली. उपजीविकेचे शब्द त्यांच्या शेजारीच होते.

कचेरीत प्रस्ताव वर पाठविताना त्यावर किती खर्च येईल आणि तो कोणत्या शीर्षाखाली पडेल, हे लिहावे लागते. तो परिच्छेद कोरा असला तर फाईल परत येते. टाळेबंदीचा खर्च प्रचंड होता; परंतु त्याचा मोठा भाग तिजोरीतून जावयाचा नसून कडुनिंबाखालच्या टेबलावरून जावयाचा होता, म्हणून तो लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही. पुन्हा कधी अशी साथ आलीच, तर यादी करावीच लागेल, आणि ती आपल्यापैकीच कोणीतरी टंकलिखित करील. त्याने निदान तो परिच्छेद कोरा सोडू नये.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, त्या दिवशी 'नाही' म्हणून झाल्यावर मी एवढे विचारू शकलो असतो की, मग तुमचे चालणार कसे? तो प्रश्न विचारण्यास कोणत्याही आदेशाची मनाई नव्हती.