पाणी चढतंय की उतरतंय?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 67.

श्लोकाचा भाव साधा आहे. इंद्रियं आपापल्या विषयांकडे धावत असतात. त्यातल्या एकाच्या मागे जरी मन गेलं, तरी तेवढं मन माणसाची बुद्धी ओढून नेतं, वारा पाण्यावरच्या नावेला नेतो तसं. ज्ञानेश्वर माउली इथे काठाला लागत आलेल्या नावेचा दाखला देतात. आता धोका टळला असं वाटतं आणि नेमकं तेव्हाच वादळ गाठतं.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला होता. कळला मात्र एका ओढ्याच्या काठावर.

मी कॅनडात, कॅलगरीला राहतो. इथून दोनेक तासांवर रॉकी पर्वतात पीटर लॉहीड प्रॉव्हिन्शियल पार्क आहे. प्रॉव्हिन्शियल पार्क म्हणजे अल्बर्टा प्रांताने राखलेला डोंगर-जंगलाचा मुलूख. काही वर्षांपूर्वी आईबाबा सांगलीहून पहिल्यांदाच आले होते. त्यांच्यासाठी मी जूनमधल्या एका शनिवार-रविवारचं कॅम्पिंग तीन महिने आधी बुक केलं होतं. एका धबधब्याचे फोटो तर मी रोज रात्री बघायचो. बाबांना तो दाखवायचाच, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

आधीचे दोन दिवस पाऊस झाला. शनिवारी सकाळी मात्र लख्ख ऊन पडलं. आई तंबूपाशी थांबली आणि बाबा, मी, बायको आणि सहा वर्षांची लेक असे निघालो. वाटेत एक फलक होता: पुढची पायवाट बंद. ओढ्यावरचा लाकडी पूल जागेवर नव्हता. पाणी गुडघ्याएवढं दिसत होतं. पलीकडे दोन तरुण उभे होते, म्हणजे ते गेले होते! धबधबा तिथून जेमतेम एक किलोमीटर. मी लेकीला खांद्यावर घेतलं आणि बूट काढायला लागलो.

बाबा म्हणाले, "थांब. पाण्याचा रंग बघ."

पाणी गढूळ होतं, काटक्या वाहत येत होत्या. नीट ऐकलं तर तळाशी दगड घरंगळल्याचा दबका आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा, गुडघाभर तर आहे. आणि माउली आहेत ना आपल्याबरोबर!"

"माउलींनी डोळे दिलेत, ते वापर. किती आहे ते सोड, पाणी चढतंय की उतरतंय ते आधी बघ."

सांगलीत कृष्णाकाठी वाढलेला माणूस. आयर्विन पुलापाशी आज किती फूट पाणी, हे तिथे पावसाळ्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाबांनी एक काटकी पाण्याच्या कडेला मातीत खोचली आणि दगडावर बसले. पंधरा मिनिटांनी काटकी पाण्यात होती, काठापासून चांगली वीतभर आत.

आम्ही पलीकडच्या त्या दोघांना, इथून परत येऊ नका, असं हातवारे करून सांगितलं आणि मागे फिरलो. खाली आल्यावर पार्कच्या कर्मचाऱ्यांना कळवलं. ते दोघे संध्याकाळी लांबच्या वाटेने सुखरूप परतले.

पण खरं सांगायचं तर, त्या वेळी मला हायसं वाटलं नव्हतं. मला राग आला होता, बाबांचा. मी तासभर त्यांच्याशी बोललो नाही. लेक रडत होती आणि मी तिच्यापेक्षा लहान झालो होतो.

रात्री तंबूत झोप लागेना, तेव्हा या श्लोकाच्या जरा आधीचे दोन श्लोक आठवले, 62 आणि 63. विषयाचं सतत चिंतन केलं की आसक्ती येते, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, आणि मग बुद्धी जाते. रोज रात्री फोटो बघणं हे माझं चिंतन होतं. धबधबा दाखवायचाच, ही इच्छा. बाबांनी अडवलं तेव्हा क्रोध. पण स्मृतिभ्रंश? तोही झाला होता, फलक वाचूनही बूट काढले तेव्हाच.

कारण कॅलगरीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी 2013 च्या पुराची गोष्ट सांगतो. त्या वर्षी 19 ते 21 जूनच्या सुमारास डोंगरात अतोनात पाऊस झाला, काही ठिकाणी दोन-तीन दिवसांत 200 मिलिमीटरहून जास्त. वर बर्फ वितळतच होतं. कॅनमोर गावातला कूगर क्रीक एरवी किरकोळ ओढा. त्याने काठ खाऊन घरांखालची जमीन नेली. ट्रान्स-कॅनडा हायवे तुटला. एकट्या कॅलगरीत सुमारे 75 हजार लोकांना घरं सोडावी लागली. या पार्कच्या परिसरातल्या पायवाटा आणि पूल वाहून गेले. हे सगळं मला पाठ होतं. लेक खांद्यावर असताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले एक चूक नेहमी करतो: वॉर्निंग दिसते, पण रिलीजची तारीख ठरलेली असते, म्हणून पुढे जातो. वॉर्निंग चुकीची नसते. आपल्याला ती नको असते, एवढंच.

आणि पुराला फार पाणी लागत नाही. साधारण 15 सेंटिमीटर वेगाचं पाणी मोठ्या माणसाचा तोल घालवू शकतं, 30 सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगू शकते आणि 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. भगवंतही हेच सांगतात. बुद्धी वाहून जायला पाचही इंद्रियं लागत नाहीत. एक पुरतं.

मग श्रद्धेचं काय? मला आता असं वाटतं, की देवाला गृहीत धरणं म्हणजे श्रद्धा नव्हे. त्या दिवशी मी माउलींचं नाव माझ्या हट्टाला टेकू म्हणून घेतलं होतं. खरी श्रद्धा बाबांच्या त्या पंधरा मिनिटांत होती. शांत बसून, जे समोर आहे ते पाहण्यात.

तुम्ही रॉकीजमध्ये जा, नाहीतर पावसाळ्यात ताम्हिणी-लोणावळ्याला, आजची साधना एवढीच:

निघण्याआधी पार्कच्या सूचना आणि हवामान वाचा. डोंगरात अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा. बंद फलक दिसला की मागे फिरा. ओढ्याच्या पात्रालगत तंबू लावू नका. डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस पडत असू शकतो, आणि बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं, म्हणून सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी तोच नसतो. पाणी चढायला लागलं तर सामान सोडा आणि उंचावर जा. रस्त्यावर पाणी असेल तर गाडी घालू नका. आणि मुद्दाम पूर बघायला तर जाऊच नका.

तो धबधबा बाबांनी अजून पाहिलेला नाही. फोनवर मी म्हणतो, "बाबा, पुढच्या वेळी नक्की." ते हसून विचारतात, "पाणी चढतंय की उतरतंय?" हल्ली राग आला, काही विकत घ्यावंसं वाटलं, कुणाला तोडून उत्तर द्यावंसं वाटलं, की मी स्वतःला तेच विचारतो. आणि मनाच्या काठावर एक काटकी खोचून पंधरा मिनिटं बसतो.

हे पांडुरंगा, पाय पाण्यात पडण्याआधी थांबायची बुद्धी दे, आणि थांबवणाऱ्याचं ऐकायची नम्रताही दे.

राम कृष्ण हरी!