सावलीचे पैसे कोणी दिले?

आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 3, श्लोक 12



आजचा श्लोक वाचायला सोपा आहे, पण पचायला अवघड. भगवंत अर्जुनाला सांगतात की यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवे ते भोग देतील. इथपर्यंत छान वाटतं. पण पुढच्याच ओळीत ते म्हणतात की त्यांचं दिलेलं घेऊन, त्यांना काहीच परत न देता जो नुसता उपभोग घेतो, तो चोर.

चोर! भगवंतांनी 'आळशी' किंवा 'अज्ञानी' म्हटलं असतं तर चाललं असतं. पहिल्यांदा वाचला तेव्हा हा शब्द मला जरा जास्तच कडक वाटला होता. देवांनी दिलेलं म्हणजे ऊन, पाऊस, वारा. ते घेतलं म्हणून कोणी चोर कसं होईल? हा श्लोक मला कळला तो दिवेआगरला, एका वाडीत उभं असताना. आज तीच गोष्ट सांगते. थोडी लाज वाटते सांगताना, पण सांगते.

दिवेआगर म्हणजे आमच्या घरची दरवर्षीची सुट्टी. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, म्हसळा, आणि मग खारा वास यायला लागला की बाबा गाडीच्या काचा खाली करायचे. मी शाळेत होते तेव्हापासून आम्ही एकाच घरी उतरतो. पुढे ओटी, मागे पोफळी आणि माडांची वाडी, वाडीतून पायवाट आणि पायवाटेच्या शेवटी समुद्र. काका-काकूंच्या हातचे उकडीचे मोदक, पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि भर दुपारी बारा वाजता वाडीत असणारा तो थंड, हिरवा अंधार. वर पाहिलं तर आभाळ दिसायचंच नाही. लग्नानंतर मी नवऱ्यालाही तिथेच घेऊन गेले. 'माझी जागा' म्हणायचे मी त्या वाडीला.

2020 साली आमचं बुकिंग गुढीपाडव्यानंतरच्या शनिवार-रविवारचं होतं. पाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन सुरू झाला, हे तुम्हाला आठवत असेलच. मी चार हजार रुपये ॲडव्हान्स भरलेला होता.

एप्रिलमध्ये मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, वहीत तुझं नाव लिहून ठेवलंय. सगळं सुरळीत झालं की या, तेव्हा वळते करू." माझ्या ऑफिसमध्ये तेव्हा पगार कापले होते, पुढे नोकरी राहते की जाते तेही माहीत नव्हतं. भीती खरी होती. मी म्हटलं, "काका, पुढचं काही सांगता येत नाही हो, परत केलेत तर बरं." मग अकाउंट नंबर पाठवला. आठ दिवसांनी पुन्हा पाठवला. मग तिसऱ्यांदा पाठवला, सोबत बुकिंगच्या पावतीचा स्क्रीनशॉट.

मे महिन्यात पैसे आले. आधी अडीच हजार, आठवड्याने दीड हजार. चार हजार रुपये दोन हप्त्यांत का आले असतील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, खाली मुरुड, केळशी, आंजर्ले, सगळीकडे माड आणि पोफळी आडव्या. मी घरात बसून फोनवर ते व्हिडिओ पाहिले आणि रडले. खरंच रडले. मग जुन्या अल्बममधला दिवेआगरच्या सूर्यास्ताचा फोटो शोधला आणि 'कोकणासाठी प्रार्थना' असं लिहून स्टेटसला ठेवला. खूप जणांनी हार्ट पाठवले.

काकांना फोन मात्र केला नाही. 'नेटवर्क नसेल' असं स्वतःला सांगितलं. पहिले काही दिवस ते खरंही होतं. नंतर नेटवर्क आलं तरी केला नाही, कारण शेवटचं बोलणं पैशांवर झालं होतं आणि आता काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याचं वर्ष.

मधल्या काळात देवळं बंद झाली, 2020 च्या दिवाळी पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 2021 च्या घटस्थापनेला पुन्हा उघडली. त्या डिसेंबरमध्ये नवरा म्हणाला, "चल, दिवेआगरला जाऊ." मी दुसऱ्या गावांची नावं काढली. तो म्हणाला, "का? तुझी जागा ना ती?" शेवटी फोन केला. काका म्हणाले, "या की! खोली आहे." बाकी एक शब्द नाही.

पोचलो तेव्हा दुपार होती. काकू ओटीवरून खाली आल्या, "ये गो, किती वाळलीस!" म्हणाल्या. मी मागे वाडीत गेले आणि पहिल्यांदा जाणवलं ते ऊन. डोळ्यांवर हात धरावा लागला इतकं ऊन. वर पाहिलं तर अख्खं निळं आभाळ. ज्या ठिकाणी बारा वर्षं मला आभाळ दिसलं नव्हतं, तिथे आता आभाळाशिवाय काही नव्हतं. तीनशेच्या आसपास पोफळी होत्या, त्यातल्या सत्तर उरल्या होत्या. माड नऊ.

काका शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ह्या बाजूच्या वडलांनी लावलेल्या. त्या कोपऱ्यातल्या आजोबांच्या. आता लावलेलं रोप सहा-सात वर्षांनी धरेल. मी बघेन की नाही कुणास ठाऊक." तक्रार म्हणून नाही, भाव सांगावा तसं सांगितलं.

मी रात्री एका पाकिटात दहा हजार रुपये घालून त्यांच्या हातात दिले. म्हटलं, "काका, तेव्हा मी पैसे मागायला नको होते." ते पाकीट न उघडताच माझ्या हातात परत देत म्हणाले, "ते तुझेच होते. तुझे तुला दिले, त्यात काय?" मग थोड्या वेळाने, काकू भांडी आवरत होत्या तिकडे बघत म्हणाले, "वीज नव्हती कित्येक आठवडे. फोन चालू झाला तेव्हा ही सारखी बघायची, कुणाचा आलाय. दादरच्या त्या बाई आहेत ना, त्या रोज करायच्या. बरं वाटायचं हिला."

एवढंच. माझा फोन आला नाही असं ते म्हणालेच नाहीत.

त्या रात्री झोप लागली नाही. नवऱ्याने समजूत घातली, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "आपण दरवर्षी ठरलेले पैसे मोजले. रिफंड हक्काचा होता, तुझी परिस्थिती तशी होती. व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख झाला. मग चोरी कुठे आली?"

हाच खरा प्रश्न आहे, मंडळी, आणि आपल्या पिढीला तो नीट सोडवायला हवा. कारण आपण सगळेच असं धरून चालतो की किंमत मोजली की हिशोब मिटला.

मी विचार केला. मी कशाचे पैसे दिले होते? खोलीचे. जेवणाचे. गरम पाण्याचे. ते पूर्ण दिले, एक रुपयाही बुडवला नाही. पण मी दरवर्षी तिथे जात होते ते खोलीसाठी का? खोल्या सगळीकडे असतात. मी जात होते त्या सावलीसाठी. आणि सावली बिलात नव्हती. ती काकांच्या आजोबांनी लावली होती, वडिलांनी शिंपली होती, पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने वाढवली होती. काकूंनी "वाळलीस" म्हणणं बिलात नव्हतं. वहीत माझं नाव राखून ठेवणं बिलात नव्हतं. ज्याची किंमत लावली होती ते मी चुकतं केलं, आणि ज्याची किंमत लावता येत नव्हती ते फुकट समजून घेत राहिले.

गीतेतले 'देव' मला तिथे नव्याने दिसले. जे आपल्याला देतात आणि बिल पाठवत नाहीत, ते. श्लोकातली चोरी पैसे बुडवण्याची नाहीच. देणाऱ्याकडे न बघता घेत राहण्याची आहे.

दुसऱ्या दिवशी सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गेलो. ती गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. 1997 मध्ये दिवेआगरमधल्या एका वाडीत, जमिनीत, गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, देवळाचे दोन पहारेकरी जिवानिशी गेले आणि मुखवटा चोरांनी वितळवला. आम्ही गेलो त्याच्या आदल्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर 2021 मध्ये, नवा मुखवटा तिथे पुन्हा बसवला होता. हात जोडून उभी असताना मनात आलं, त्या चोरांबद्दल मला किती राग होता! त्यांच्या आणि माझ्या कृत्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांनी माणसं मारली. त्या गुन्ह्याची माझ्याशी बरोबरी मी करत नाही. पण 'ह्या गावात जे मौल्यवान आहे ते मला हवं, गावाचं पुढे काय होतं ते माझं काम नाही', ही वृत्ती? तिचा छोटासा, सभ्य अंश माझ्या स्टेटसवरच्या त्या सूर्यास्तात नव्हता का?

आता यावर उपाय काय? अपराधी वाटून घेणं हा नाही. माझं पाकीट म्हणजे तोच प्रयत्न होता, पैसे देऊन मन हलकं करण्याचा. काकांनी ते परत केलं, फार बरं केलं. त्या पाकिटाने माझी सुटका झाली असती, वाडीला सावली मिळाली नसती.

आणि 'सुट्टीला जाऊच नका, उपभोग वाईट' असंही भगवंत म्हणत नाहीत, हे नीट वाचा. श्लोकाची सुरुवातच भोग मिळतील अशी आहे. पुढचा तेरावा श्लोक सांगतो की यज्ञ करून जे उरतं ते खाणारे पापातून सुटतात. दोष आहे तो फक्त स्वतःपुरतं शिजवण्यात. माउली ज्ञानेश्वरीत या ठिकाणी यज्ञ म्हणजे स्वधर्म, रोजचं आपलं कर्तव्य, असा अर्थ उलगडतात. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी यज्ञाचा फार सोपा अर्थ सांगितलाय. आपण सृष्टी वापरतो, त्यामुळे तिची झीज होते; ती झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ. माणसांच्या बाबतीत तेच काम दानाचं. होम-हवन न जमणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अर्थ किती जवळचा आहे बघा. जिथून घेतलं, तिथली झीज भरायची. दुसरीकडे कुठे देणगी देऊन नव्हे. तिथेच, आणि तिथे जे हवंय त्याच रूपात.

निघताना मी काकांना विचारलं, "मी काय करू?" ते हसले. म्हणाले, "जूनमध्ये ये. सगळे थंडीत येतात. रोपं पावसात लावायची असतात, आणि इथे हात कमी पडतात."

2022 च्या जूनमध्ये गेलो. समुद्र खवळलेला, पाण्यात पाय घालायची सोय नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. दोन दिवस चिखलात खड्डे काढले. पोफळीचं रोप कोवळं असताना त्याला कडक ऊन सोसत नाही, म्हणून शेजारी केळ लावतात, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्या सावलीत पुस्तक वाचत पडले होते, आणि सावलीलाही लहानपणी सावली लागते हे माहीत नव्हतं! आम्ही दोघांनी मिळून बावीस रोपं लावली. काकांनी त्यातली सात वाकडी म्हणून पुन्हा लावली.

हिशोब फिटला का? नाही. बावीस रोपांनी आजोबांचं ऋण फिटत नाही, आणि 2020 च्या जूनमध्ये न केलेला फोन आता करता येत नाही. ते तसंच राहणार. पण आता काकूंना मी दर रविवारी फोन करते. पाऊस किती झाला, कुठलं रोप मेलं, कुठल्याला नवं पान फुटलं, एवढंच बोलणं. आणि 'माझी जागा' म्हणणं मी बंद केलंय.

आजचा अभ्यास

आज रात्री जप झाल्यावर पाच मिनिटं बसा. जिथे तुम्हाला मनापासून शांत वाटतं अशी एक जागा आठवा. गाव असेल, देऊळ असेल, आजोळ असेल. तिथे तुम्ही कशाचे पैसे दिलेत आणि काय बिलाशिवाय घेतलंत, ते वहीत दोन रकान्यांत लिहा. दुसरा रकाना भरला की त्यातल्या एका माणसाला उद्या फोन करा. बुकिंगसाठी नाही. सहज.

उद्या श्लोक 13 वाचू.

जय हरी!