न रडणारा रोगी

प्राण्यावर माया असली म्हणजे पुरे, की त्याची गरज समजून घेणे हेही आपले कर्तव्यच आहे? नातवंडांनी ससा पाळायचा हट्ट धरला की हा प्रश्न आपल्या घरात येतो. इथे ईस्टरच्या सुमारास तर हा हट्ट हमखास होतो. हौस फिटली की त्यातले बरेच ससे प्राण्यांच्या आश्रयगृहात पोचतात.

ससा आपल्या माहितीचा आहे असे आपल्याला वाटते. गोष्टीतला भित्रा ससा, कासवाकडून हरलेला ससा कोणाला ठाऊक नाही? पण कोकणातल्या माळावरचा ससा निराळा; तो बीळ खणीत नाही, गवतात दबून एकटा बसतो. पाळीव ससा हा मूळ स्पेनकडच्या, बिळात कळपाने राहणाऱ्या जातीचा. त्याला सोबत लागते, पळायला जागा लागते. नीट सांभाळला तर तो 8 ते 12 वर्षे जगतो.

गाजर हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे. त्याचे खरे अन्न वाळलेले गवत. त्याचे दात जन्मभर वाढतात ते गवत चावून झिजतात, आणि आतडीही त्याच चोथ्यावर चालतात. ओक ट्री रोडवरून आणलेल्या जुडीतली थोडी कोथिंबीर त्याला चालेल, पण गवताऐवजी नाही. त्याला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा. अधांतरी धरला आणि त्याने लाथा झाडल्या, तर त्याचा कणा मोडू शकतो.

मी आयुष्यभर नर्सचे काम केले. वॉर्डात आम्हाला शिकवीत की ओरडणाऱ्या रोग्याइतकेच, किंबहुना अधिकच, गप्प पडलेल्याकडे पाहावे. ससा हा असाच रोगी. रानात जो दुबळा दिसतो त्याला शिकारी उचलतो, म्हणून ससा दुखणे लपवतो. अर्धा दिवस त्याने काही खाल्ले नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, अंग आवळून कोपऱ्यात बसला, तर "उद्या बघू" म्हणू नये. लगेच डॉक्टरकडे न्यावा. घरातले औषध मुळीच देऊ नये. आपल्या मुलांना चालणारे अमॉक्सिसिलीन सशाच्या पोटात गेले तर त्याचा जीव जाऊ शकतो.

नुसती माया कशी अपुरी पडते पाहा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1850 साली अथेन्समध्ये घुबडाचे एक पिल्लू वाचवले व लाडाने वाढवले. 1854 साली क्रिमियाच्या युद्धावर जाण्याच्या गडबडीत घरच्यांनी त्याला माळ्यावर ठेवले आणि ते मेले. त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता. त्या दिवसांत त्याच्याकडे पाहायला कोणी उरले नव्हते, एवढेच.

कोणी म्हणेल, जगात माणसांचे हाल थोडे आहेत का, की सशाची काळजी करावी? पण आपले वाडवडील कोकणात शनवार तेली होते. शब्बाथला घाणा थांबे तेव्हा विसावा तेल्याला मिळे, तसा बैलालाही मिळे. दहा आज्ञांत गुराढोरांचा विसावाही सांगितला आहे. बैल तरी पोटासाठी पाळावा लागे. ससा खायला तर आपल्याला मनाई, म्हणजे तो आपण निव्वळ आपल्या आनंदासाठी पाळतो. रानातला ससा आपले अन्न, आपली सोबत स्वतः शोधतो. पिंजऱ्याची कडी लावून ते स्वातंत्र्य आपण काढून घेतले, तेव्हा त्याच्या गरजा आपल्या अंगावर आल्या. ज्याला मागता येत नाही, त्याचे देणे न मागता द्यावे लागते.

म्हणून आणण्याआधीच घरात बोलणे व्हावे: नातवंडे कॉलेजात गेल्यावर याला कोण पाहील? नकोसा झाला म्हणून त्याला अंगणात सोडू नये. इथल्या हिरवळीवर चरणारे रानससे वेगळ्या जातीचे. पाळीव ससा बाहेर तग धरीत नाही, आणि न्यू जर्सीच्या कायद्याने असे सोडून देणे गुन्हाही आहे. उत्तर सापडत नसेल, तर मुलांना ससा न आणणे हीदेखील दयाच आहे, आणि ती त्यांना समजावून सांगता येते.