चौकटीचा रंग

महाडहून पोलादपूरकडे जाताना महामार्ग सोडून आतल्या वाड्यांकडे वळलं, की गिलावा न झालेली विटांची घरं जागोजागी दिसतात. शहरात उघडी वीट मुद्दाम ठेवतात. लॉरी बेकर यांनी केरळात तिला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि आता ती हौसेची गोष्ट झाली आहे. इथे ती बहुधा पैसे पुरले नाहीत म्हणून उघडी राहते. भिंती उभ्या राहतात, वर कौलं किंवा पत्रे चढतात, दर्शनी बाजूला गिलावा होतो आणि बाकीच्या बाजू पुढच्या वर्षावर जातात. ते पुढचं वर्ष मुलीच्या लग्नात, कुणाच्या आजारपणात निघून जातं. मग रंगवायला उरतं ते थोडंच: दाराची चौकट, खिडक्यांची दारं आणि गज, ओटीचे खांब, वळचणीची फळी. एवढ्याशा जागेला कोणता रंग द्यायचा, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. घरधन्याला जगासमोर जे मांडायचं असतं, ते त्या फूटभर रुंदीच्या लाकडात मांडावं लागतं.

वीट उघडी राहिली याची लाज वाटून पुष्कळ जण तिच्यावरच ऑइलपेंट मारतात. हे करू नये, असं मी आग्रहाने म्हणेन. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की तो साडेपाच हजारांच्या पुढे जातो. भाजलेली वीट पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. वरून तैलरंगाचा पापुद्रा बसला की आतली ओल कोंडते, क्षार पृष्ठभागाकडे येतात, लोणा धरतो आणि रंगासकट विटेचा पोपडा सुटतो. दरजा नीट भरल्या आणि छपराची वळचण पुरेशी पुढे काढली, तर विटेला रंग लागत नाही. रायगडातल्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन राबायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या हातांनी थापलेली वीट लपवण्यासारखी आहे, असं मला कधी वाटलं नाही.

लाकडाचं आणि लोखंडाचं मात्र तसं नाही. लाकूड पावसात फुगतं, वैशाखात आकसतं, सांध्यांतून पाणी आत शिरतं. त्यांना काही वर्षांनी पुन्हा हात द्यावाच लागतो. म्हणून चौकटीचा रंग निवडताना पुढच्या वेळी तो कोण लावणार, कधी आणि कशाने, हे आधी ठरवावं. पोलादपूरच्या कितीतरी घरांना वर्षातले बरेच दिवस कुलूप असतं. माणसं मुंबईत आणि घर गणपतीला, शिमग्याला उघडतं. रंग मुंबईच्या दुकानात ट्यूबलाइटखाली शेडकार्डावरून ठरतो. तिथे हस्तिदंती, फिकट करडा फार देखणा दिसतो. तोच रंग इथे दोन पावसाळे खाल्ल्यावर वळचणीखाली शेवाळाने काळवंडतो, खालच्या बाजूला तांबड्या मातीचे शिंतोडे बसतात, आणि यंत्रावर मिसळून घेतलेली ती छटा गावाजवळच्या बाजारात पुन्हा तंतोतंत मिळत नाही. चौकटीच्या अर्ध्या भागाला एक रंग आणि अर्ध्याला त्याच्या जवळचा दुसरा, अशी घरं पाहिली की वाईट वाटतं. त्यापेक्षा तयार डब्यात मिळणारा, मळ सोसणारा साधा रंग बरा.

माझा कल काव आणि तपकिरीकडे आहे. विटेचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, कावेचाही तोच. चुन्याच्या भिंतीला खाली कावेचा पट्टा ओढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. विटेशेजारी गडद कावेची चौकट सावलीसारखी बसते आणि भिंतीशी भांडत नाही. हिरव्याचं गणित वेगळं आहे. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ च्या ग्रंथात दाखवलं की तांबडा आणि हिरवा शेजारी ठेवले की दोघेही एकमेकांना अधिक भडक करतात. हिरव्या खिडक्यांनी वीट जिवंत होते ती यामुळेच. पण श्रावणात चहूकडे भातशेती असताना तीच खिडकी शेतात विरघळते आणि भिंत एकटी लालभडक उरते; एप्रिलमध्ये डोंगर पिवळट तपकिरी झाले की ती पुन्हा उठून दिसते. हिरवा घ्यायचा तर काळपट घ्यावा, आणि एका फळीवर मारून ती फळी भिंतीला टेकवून उन्हातही पाहावी, ढगाळ दिवशीही पाहावी.

निळ्याबद्दल बोलताना मी जास्त जपून बोलतो. डोळ्याच्या बाजूने पाहिलं तर यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने टिपलेली गोष्ट इथे रोज दिसते: उजेड कमी झाला की तांबडा आधी काळवंडतो, निळा मागे उजळ राहतो. दिवेलागणीला विटेची भिंत विझत जाते तेव्हा निळं दार लांबून ओळखू येतं. पण महाडात निळा केवळ डोळ्यांचा विषय नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढे १९४२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा झाला, आणि आज दर वर्षी २० मार्चला तळ्याकडचे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरतात. ज्या घराने हा रंग त्या अर्थाने दारावर घेतला आहे, त्याला विटेशी काय जुळतं हे सांगण्याचा अधिकार मला नाही. तिथे माझं शेव्रल आणि शेडकार्ड दोन्ही मागे राहतात.

सखल भागातल्या घरांना आणखी एक विचार करावा लागतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरातले तळमजले बुडाले. सावित्री आणि गांधारी या नद्या उतरल्या की दारांवर गाळाची रेघ राहते, आणि पंचमीच्या किंवा गणपतीच्या आत सगळं पूर्ववत व्हावं म्हणून ओल्या लाकडावरच रंग मारायची घाई होते. ती करू नये. ओल आत राहिली तर पहिल्याच उन्हात पापुद्रे सुटतात. दिवाळीनंतर लाकूड सुकलं, जुना रंग खरवडला, लांबी भरली, अस्तर मारलं, मग दोन हात द्यावेत. खरवडताना मात्र पाणी मारून खरवडावं आणि पोरांना लांब ठेवावं. जुन्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते दहा लाखांत नव्वद भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा डबा कोणत्या दारावर चढला होता, हे आता कुणाला आठवत नाही.

रंग ठरवायला शेडकार्ड मुंबईहून गावी न्यावं आणि घरात वर्षभर राहणाऱ्या बाईसमोर, आई असो, चुलती असो की शेजारची काकी, ते पसरावं. पावसाची झड कोणत्या भिंतीवर येते, कोणतं दार आधी फुगतं, दुपारचं ऊन कोणत्या खिडकीला भाजतं, हे तिला माहीत असतं. आणि गणपतीनंतर सगळे परत गेल्यावर त्या चौकटीकडे पाहत बसायचं असतं तिलाच.