फासे घरात ठेवावेत काय?

गेल्या दिवाळीत आमचा भाचा नागपुराहून हट्ट्यास आला, तो पानाच्या चंचीएवढी एक मखमली पिशवी घेऊन. पिशवीत फासे! सहा बाजूंचे ठोकळे तर होतेच. पण चार, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचेही होते. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळात मंडळी एकत्र बसून कथा रचतात, प्रत्येक जण एका पात्राचे सोंग घेतो आणि त्याचा घाव लागला की हुकला, हे फासा ठरवितो. पैसा लावावयाचा नसतो. तरी आमच्या आत्याबाईंनी निक्षून सांगितले, “ज्यांच्यापायी द्रौपदीला सभेत ओढली, ते ह्या घरात नकोत.” गावाचे नावच हट्टा; प्रकरण चार दिवस चालले.

आत्याबाईंची शंका अगदीच भाबडी नव्हे. मध्यप्रांतासही लागू असलेल्या १८६७ च्या जुगारविषयक कायद्यात, झडतीत फासे सापडले म्हणजे ते घर जुगाराचा अड्डा असल्याचा पुरावा, उलट सिद्ध होईपर्यंत, मानला जाई. मग देवळाचे काय? ओंकारेश्वरास शयनआरतीच्या वेळी शिवपार्वतींसाठी रोज चौसर मांडतात, फासे ठेवतात. वेरूळच्या एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांत हे दांपत्य द्यूत खेळताना कोरलेले आहे. त्या गाभाऱ्यास अड्डा कोण म्हणेल?

ऋग्वेदाच्या अक्षसूक्तातील फासे बेहड्याच्या फळांचे होते. नळाच्या देहातून बाहेर पडलेला कली लपला तोही बेहड्यातच. बिचाऱ्या झाडाला उगीच बट्टा लागला. पण कली बाहेर पडला केव्हा? ऋतुपर्णाने नळास अक्षहृदय दिल्यावर. फाशांपासून दूर पळून नळ सुटला नाही. त्यांचे मर्म हाती आल्यावर सुटला.

इथपर्यंत आम्ही भाच्याच्या बाजूचे होतो. मात्र त्या पिशवीत आणखी एक लहान डबी निघाली. ऐन वेळी दगा देणारे फासे तिच्यात कोंडलेले! शिवाय एक लाडका फासा वेगळ्या कापडात. त्याला दुसऱ्याने हात लावावयाचा नाही. हे पाहून मात्र आम्ही चमकलो. निर्दोष घडणीच्या वीस पैलूंच्या फाशाला मागची फेक आठवत नाही. वीस पडण्याचा संभव दर वेळी विसांत एकच. त्याला अपराधी ठरवून कोंडणे ही जुगाऱ्याचीच बुद्धी, केवळ पैशावाचून. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, ही लोककथा व्यासांच्या भारतात नाही. ती का रचली गेली असावी? हाडांनी दान वळविले म्हटले की धर्मराजाने पत्नी पणास लावली, ह्या प्रश्नाकडे पाहावे लागत नाही. हीच सोय त्या डबीत आम्हांस दिसली.

“मामा, ही आमची गंमत असते,” भाचा म्हणाला. असेलही. आम्ही वाद वाढविला नाही. डबी मात्र त्याने आमच्या शब्दावर उघडली नाही.

निघण्याच्या दिवशी आत्याबाईंनी त्याला जवळ बोलावून एवढेच विचारले, “पैसे लावीत नाहीस ना रे?” तो नाही म्हणाला. तेव्हा त्यांनी आपला जुना पितळी करंडा पुसून पुढे केला. त्यात कोंडलेले, लाडके आणि बाकीचे सारेच फासे एकत्र ओतले गेले. ओतले ते भाच्यानेच.