तटस्थ बर्फ

न्यू जर्सीहून येणारी ट्रेन पेन स्टेशनला लागते, आणि जिन्याने वर आलं की आपण थेट मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पायथ्याशी असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी संध्याकाळी त्या जिन्यावर लाल सोडून दुसरा रंग दिसत नाही. टोप्या लाल, जर्सी लाल, मफलर लाल. विषम सालात तर दोन्ही बाजू लालच असतात, एक कॉर्नेल आणि दुसरी बॉस्टन युनिव्हर्सिटी, म्हणून सामन्याचं नाव 'रेड हॉट हॉकी'. हॉकी अर्थात बर्फावरची. घरी फोनवर 'हॉकी बघायला चाललोय' म्हटलं की बाबांना अजूनही ध्यानचंद आठवतात, आणि मीही आता दुरुस्ती करायची सोडून दिली आहे.

हा सामना 2007 साली सुरू झाला. पहिल्याच वर्षी गार्डन भरलं आणि बॉस्टनने 6-3 असा जिंकला. तेव्हापासून एका वर्षाआड हेच दोन संघ इथे भेटतात. मधल्या वर्षांत 'फ्रोझन ॲपल' नावाने दुसरा कुणीतरी येतो: 2012 साली मिशिगन, 2014 साली पेन स्टेट, 2016 साली न्यू हॅम्पशायर, 2018 साली हार्वर्ड. आणि या 'दुसऱ्या कुणीतरी'वरून कॉर्नेलवाल्यांमध्ये जो वाद चालतो, तो मी गेली काही वर्षं ऐकतोय. पुढच्या वेळी कुणाला बोलवायचं? मोठ्या नावाच्या पश्चिमेकडच्या विद्यापीठाला, की जवळच्या जुन्या ओळखीच्या कुणाला? मुळात हा सामना शहरात न्यायचाच कशाला?

वरवर पाहिलं तर हा रिकामटेकड्यांचा वाद आहे. मलाही तसंच वाटायचं. पण आकडे मांडले की तो तेवढा रिकामटेकडा राहत नाही. आयव्ही लीगच्या नियमाने कॉर्नेलला नियमित हंगामात 29च सामने खेळता येतात. ज्या ईसीएसी लीगमध्ये संघ आहे तिथे बारा संघ आहेत, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या दारात असे 22 सामने ठरलेलेच. उरले सात. बाहेरच्या जगाशी गाठ पडायची ती या सातांत, आणि त्यातला एक दरवर्षी मॅनहॅटनला जातो.

कुठून जातो, तेही सांगायला हवं. इथाका हे तळ्याकाठचं, डोंगरउतारावरचं गाव. न्यू यॉर्कपासून साडेतीनशे किलोमीटर, बसने साडेचार-पाच तास. तिथलं लायना रिंक 1957 सालचं. 4,267 माणसं मावतात, म्हणजे गार्डनच्या साधारण चौथा हिस्सा. छत बुटकं आहे, त्यामुळे आवाज बाहेर न जाता डोक्यावर आदळत राहतो. पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावं पुकारली जातात तेव्हा विद्यार्थी एकदम वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात: तुम्ही कोण, आम्हाला काय त्याचं. हार्वर्ड आलं की बर्फावर मासे फेकतात. मी मास्टर्ससाठी दोन वर्षं तिथे होतो. पहिल्या हिवाळ्यात ज्या एका जागी मला थंडी आणि एकटेपणा दोन्ही विसरायला झालं ती ही. वाचनालयात मी परका विद्यार्थी होतो, तिथे मी फक्त सेक्शन डीमधला एक आवाज होतो.

तिथेच एका गृहस्थांची ओळख झाली. सत्तरीच्या पुढचे, गावातलेच, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. कॉर्नेलची पदवी सोडाच, त्यांनी तिथला एक वर्गही पाहिलेला नव्हता. पण लायनातली जागा त्यांच्या वडिलांपासूनची. 1970 साली कॉर्नेलचा संघ 29 पैकी 29 सामने जिंकून विजेता झाला तेव्हा ते शाळकरी पोर होते. गार्डनचा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलत: "तुम्हा लोकांना एक सामना मिळाला, आमचा एक गेला."

'तुम्ही लोक' म्हणजे माजी विद्यार्थी. म्हणजे आता मी.

त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड नाही. थँक्सगिव्हिंगला विद्यार्थी घरी गेलेले असतात, त्या शनिवारी लायनात सामना ठेवला तर निम्मी बाकं रिकामी दिसतील. उलट त्याच वेळी न्यू यॉर्कच्या परिसरात हजारो माजी विद्यार्थी सुट्टीवर असतात. एका वर्षाआड बॉस्टन म्हटल्यावर चार वर्षं शिकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते वातावरण दोनदा अनुभवायला मिळतं. ही मुलं खेळासाठी शिष्यवृत्ती न घेता खेळतात, आयव्ही लीगमध्ये ती दिलीच जात नाही. त्यांतल्या बहुतेकांना व्यावसायिक रिंकवर अठरा हजार लोकांसमोर उभं राहण्याची संधी आयुष्यात एवढीच. ती नाकारायची कशाच्या बळावर? बसवाल्या आजोबांच्या आठवणींच्या?

हिशेब असा मांडला की गार्डन जिंकतं. अठरा हजारांचा आनंद विरुद्ध चार हजारांचा. माझ्या धंद्यात असले निर्णय आम्ही रोज घेतो आणि पुन्हा वळून बघत नाही. पण इथे मला ते जमत नाही, आणि त्याचं कारण इथाकात नाही, रत्नागिरीत आहे.

आमच्या गावचं नमन दर दोन-तीन वर्षांनी मुंबईला येतं. चाकरमान्यांचं मंडळ हॉल घेतं, तिकिटं लावतं, गावाहून पोरं येतात, संकासूर येतो, गवळण होते. मी लहानपणी शिमग्याला गावी जेवढ्या वेळा गेलो त्याहून जास्त वेळा नमन मुंबईच्या हॉलमध्ये पाहिलं. खुर्च्या, पंखे, मध्यंतरात वडे. गावच्या देवळाच्या छपराचा खर्च त्याच तिकिटांतून निघाला, हेही खरं. एकदा काकांना विचारलं, "कसा झाला खेळ?" म्हणाले, "चांगला झाला. फक्त सहाणेवर पालखी नव्हती." तक्रार म्हणून नव्हे, घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं.

ॲलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' या 1981 सालच्या पुस्तकात एक भेद केला आहे. बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला खेळलास तर खाऊ, जिंकलास तर आणखी खाऊ असं आमिष दाखवलं तर तो खेळेल, पण जमलं तर फसवेलही, कारण खाऊ खेळाच्या बाहेरचा आहे. खेळाच्या आतलं जे काही आहे ते फक्त खेळूनच मिळतं, आणि ते कळू लागलं की फसवण्यात अर्थ उरत नाही. मॅकिंटायर पुढे असंही म्हणतो की आतलं जपायला संस्था लागते, आणि संस्थेला पैसा, नाव, सत्ता हे बाहेरचं लागतं. म्हणजे छपराला तिकिटं लागतातच. गार्डनच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे नेमकं माहीत असतं, आणि त्यात लबाडी नाही.

मग बिनसतं कुठे? मला वाटतं, प्रतिस्पर्धी निवडण्यात.

बॉस्टन आणि कॉर्नेल यांचं वैर खरं आहे. 1967 साली कॉर्नेलने राष्ट्रीय अंतिम सामन्यात बॉस्टनला 4-1 असं हरवलं, 1972 साली बॉस्टनने कॉर्नेलला 4-0. दोघं एकाच लीगमध्ये होते. 1984 साली बॉस्टन आणि इतर काहीजण बाहेर पडले, 'हॉकी ईस्ट' निघाली, आणि नेहमीची गाठभेट संपली. गार्डनमधल्या सामन्याने ते तुटलेलं नातं पुन्हा जोडलं, म्हणून तिथे मला कृत्रिम काही वाटत नाही. चषकालाही त्या काळातल्या दोन प्रशिक्षकांची नावं आहेत, केली आणि हार्कनेस. पण मधल्या वर्षासाठी नाव शोधताना प्रश्न 'आपलं कुणाशी काय आहे' असा नसतो. तो असतो 'कुणाचे माजी विद्यार्थी न्यू यॉर्कमध्ये जास्त आहेत'. कोलगेट हा कॉर्नेलचा सगळ्यात सख्खा शेजारी. लीगमध्ये दोघं प्रवासातले जोडीदार आहेत, शुक्रवारी जो संघ एकाकडे खेळतो तो शनिवारी दुसऱ्याकडे. वर्षानुवर्षं एकमेकांना घाम फोडलाय. गार्डनसाठी कोलगेटचं नाव सुचवलं तर लोक हसतात. मी स्वतः हसलोय.

यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त बोचते. कॉलेज हॉकीत लीगबाहेरचा सामना ठरवायची जुनी रीत अशी की यंदा तुम्ही आमच्याकडे या, पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे येतो. यात नुसता न्याय नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन शिव्या खाणं आणि मग आपल्या घरी त्याला तशीच वागणूक देणं यात एक विचित्र आतिथ्य आहे. तोंडासमोर वर्तमानपत्र धरायला समोर पाहुणा लागतो. तटस्थ जागी कुणीच यजमान नसतं. मिशिगनला इथाकाच्या फेब्रुवारीत साडेचार तास बसमध्ये बसावं लागत नाही, आणि आपल्यालाही ॲन आर्बरला जाऊन मान खाली घालावी लागत नाही. 2012 साली कॉर्नेलने मिशिगनला 5-1 हरवलं, गार्डन दणाणलं. मी तेव्हा शाळेत होतो, पण ज्यांनी पाहिलं ते अजून डोळे मोठे करून सांगतात. त्यांचा आनंद खोटा ठरवायचा मला काही अधिकार नाही. फक्त तो सामना लायनात झाला असता तर मिशिगन तिथून काहीतरी घेऊन गेलं असतं, आणि कधीतरी ते परत करायचं आपल्यावर राहिलं असतं. देणं-घेणं उरलं असतं.

माझ्यासारख्याची अडचण वेगळीच आहे. ज्यांच्यासाठी सामना शहरात आणला जातो तो मी. ट्रेनने चाळीस मिनिटांत पोचतो, ओळखीचे चेहरे भेटतात, बँडचं तेच गाणं वाजतं, घशात तोच आवंढा येतो. आणि एकदा हे झालं की इथाकाला जायचं राहून जातं. गेल्या चार वर्षांत मी गार्डनला चारदा गेलो, लायनात एकदाही नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. नमन मुंबईला आलं त्या वर्षी आम्ही शिमग्याला गावी गेलो नाही, तेव्हाही आईबाबांना कुणी अडवलं नव्हतं. वस्तू दारात आली की तिच्याकडे जाण्याचं आपल्यावर असलेलं ओझं उतरतं, आणि ते उतरलं म्हणून आपण आणणाऱ्याचे आभार मानतो. ते ओझं मला हवं होतं की नव्हतं, हे मला ठरवता येत नाही.

गार्डन बंद करा असं मी म्हणणार नाही. बॉस्टनबरोबरचा सामना तिथेच राहावा. मधल्या वर्षांबद्दल मी आता बसवाल्या आजोबांच्या बाजूचा आहे: ज्याला बोलवायचं त्याला आधी इथाकाला बोलवा, आपण त्याच्याकडे जा, आणि दहा वर्षांनी काही साठलं तर न्या गार्डनला. तिकिटं कमी खपतील. कोलगेट आलं तर बरीच कमी.

परवा त्यांना फोन केला. फेब्रुवारीत येतो म्हटलं, लीगचाच साधा सामना, शुक्रवारचा. ते म्हणाले, ये, शेजारची जागा रिकामीच असते हल्ली. मग थोडं थांबून म्हणाले, येताना पेन स्टेशनवरून वर्तमानपत्र घेऊन ये, जाडसर, इथे आता कागदावरचं पटकन मिळत नाही.